पाचव्या प्रकरणाची घाई नको

हिवरे बाजार, ता. नगर



तुझ्या कादंबरीची पहिली चार प्रकरणं पोचली. फोनवर मला काही वाचवत नाही, म्हणून तुझ्या काकानं ती नगरला जाऊन कागदावर काढून आणली (दोन्ही बाजूंनी, हे मला विशेष आवडलं), आणि रोज पहाटे डेअरीत दूध घालून आलो की ओट्यावर बसून मी ती थोडी थोडी वाचत गेलो. लिहितोस छान. तो सोळा वर्षांचा मुलगा, घरात जेवणापुरतंच बोलणारा, गच्चीवर एकटाच बसून राहणारा, मला आपल्याच आळीतला वाटला आणि त्याची काळजीही वाटायला लागली. पण बाळा, तो त्या खुन्याच्या मागं फार लवकर जातो रे. भेट झाली कधी, भुलला कधी आणि सुरी हातात आली कधी, सगळं पंधरा पानांत उरकलंस.

खरं असं कसं घडतं ते सांगतो. पुण्यात तू रोज टिळक रोडवरून जातोस. तिथल्याच अभिनव कला महाविद्यालयात 1976 साली राजेंद्र जक्कल आणि त्याच्या मागं गेलेले दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शहा ही मुलं होती. चित्रकला शिकायला आलेली, विशीच्या आगेमागेची पोरं. आधी दारू, मग लहानसहान चोऱ्या, आणि मग त्या वर्षीच्या जानेवारीत त्यांनी प्रकाश हेगडे या आपल्याच कॉलेजातल्या मुलाला खंडणीसाठी नेलं, घर सोडून जातोय अशी चिठ्ठी त्याच्याच हातानं लिहून घेतली आणि त्याला मारलं. ऑक्टोबरच्या शेवटी जोशींच्या घरी तिघं मारले गेले, डिसेंबरमध्ये भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण, आणि 1977 च्या मार्चमध्ये अनिल गोखले. चौदा महिन्यांत दहा माणसं. पुणं तेव्हा दिवेलागणीलाच दारं लावून घ्यायचं. या चौघांना 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात फाशी झाली. पाचवा एक होता, तो माफीचा साक्षीदार झाला.

कसं मारलं ते मी लिहीत नाही, तूही त्याच्या फार मागं लागू नकोस. मला विचार करावासा वाटतो तो जानेवारी आणि ऑक्टोबर यांच्या मधल्या नऊ महिन्यांचा. या नऊ महिन्यांत हीच पोरं रोज उठत होती, चहा पीत होती, घरी जाऊन आईनं वाढलेलं जेवत होती. एकानं जरी एखाद्या संध्याकाळी बापाजवळ बसून तोंड उघडलं असतं, तर पुढची नऊ माणसं वाचली असती. का नाही उघडलं? जक्कलची भीती, जक्कलची भूल, आपणही त्यात आहोत ही लाज, आणि उद्या सांगू, परवा सांगू असं म्हणत गेलेले दिवस. मला वाटतं तुझी खरी कादंबरी तिथं आहे. खुनी कसा आहे हे चार ओळींत कळतं. त्याच्या मागं जाणारा पोरगा सकाळी आरशात बघून भांग कसा पाडतो, हे लिहायला वेळ लागतो. मुनव्वर शहानं तुरुंगात आपल्या गुन्ह्याची कबुली देणारं पुस्तक लिहिलं होतं, ते कुठल्या ग्रंथालयात मिळालं तर बघ. नवं विकत घ्यायला धावू नकोस.

कुणाच्या तरी मागं जावंसं वाटणं यात मी तुझ्या त्या मुलाला दोष देत नाही. त्या वयात मन एकटं राहतच नाही. आपल्या गावात मी हे दोन्ही अंगांनी पाहिलंय. 1972 च्या दुष्काळानंतर शेतात काही उरलं नाही, हातभट्ट्या लागल्या, मारामाऱ्या वाढल्या, आणि सरकारी माणसाची इथं बदली झाली की ती शिक्षाच समजली जायची. पोरं तेव्हा जो दांडगा, ज्याच्या खिशात पैसा, त्याच्याभोवती उभी राहायची. 1989 ला पोपटराव पवार सरपंच झाले, भट्ट्या बंद झाल्या, आणि तशीच पोरं टिकाव-घमेलं घेऊन डोंगरावर चर खणायला निघाली. पोरं वाईट होती आणि चांगली झाली असं मी कधीच म्हणणार नाही. ज्याच्या मागं निघाली तो माणूस बदलला. मात्र हा दुसरा रस्ता लांबचा. चर खणले म्हणून त्याच वर्षी विहिरी भरल्या नाहीत. झाडं तोडायची नाहीत, शेतीला बोअर पाडायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि दरवर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून, माणसांना-जनावरांना पिण्यापुरतं बाजूला काढून, मगच कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं. असं वर्षानुवर्षं चाललं तेव्हा डोंगर हिरवा दिसायला लागला. जक्कल पोरांना देत होता ते सगळं आजच्या रात्रीत मिळणारं होतं. मला त्याचीच धास्ती वाटते.

आणि एक मागणं आहे. जक्कलचं नाव आजही पुण्यात कुणालाही विचार, ठाऊक असतं. पण ज्या काशिनाथशास्त्री अभ्यंकरांना त्या बंगल्यात मारलं, त्यांनी संस्कृत व्याकरणाचा मोठा कोश केला होता, तो 1961 साली बडोद्याहून निघाला. त्यांच्या वडिलांनी, वासुदेवशास्त्र्यांनी, पतंजलीच्या महाभाष्याचं मराठी भाषांतर केलं, त्याचा प्रस्तावनेचा खंड याच मुलानं लिहिला. एकेका शब्दासाठी पोथ्या धुंडाळत आयुष्य घातलेला ऐंशी ओलांडलेला माणूस, आणि त्याच्या दारात झटपट पैसा हवा असलेली पोरं! तुझ्या कादंबरीत मरणारी माणसं नुसती मरायला आल्यासारखी येतात. त्यांना आधी जगू दे. त्या म्हाताऱ्याला सकाळी चष्मा पुसून टेबलाशी बसू दे, त्याची नात कॉलेजला निघू दे, घरकाम करणाऱ्या बाईला एखादं वाक्य बोलू दे. वाचणाऱ्याला ती आवडली की मग खुन्याची भूल आपोआप उतरेल.

रात्री दोनपर्यंत जागून लिहितोस असं तुझी आई म्हणत होती. तसं करू नकोस. दहाला झोप, पाचला ऊठ, दोन पानं लिही आणि वही मिटून कॉलेजला जा. तू चांगलंच लिहिणार आहेस याबद्दल मला तिळभर शंका नाही. प्रकाशकाला शब्द दिलाय म्हणून धावू नकोस, एवढंच. दिवाळीत ये, पाचवं प्रकरण तोवर झालं नाही तरी चालेल.

तुझे,
आजोबा