धरलेला उपास आणि घडलेला उपास

शास्त्रपाठ : यशया 58:1-12, मत्तय 6:16-18



भस्म बुधवारपासून पुनरुत्थानदिनाच्या आदल्या दिवसापर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवस होतात. या दिवसांत आपल्या पुष्कळ घरांत उपास धरतात. कोणी शुक्रवारी एकच वेळ जेवतो, कोणी मांस वर्ज्य करतो, कोणी चहा सोडतो. हे चांगलेच आहे. परंतु उपास कशासाठी, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

आमच्या तामसीला तो शेजारी विचारतात. आमचे गाव पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात आहे. घरात मराठी आणि बाजारात तेलुगू अशी आमची राहणी. शेजारी कोणी एकादशी करतो, कोणी रमजानचे रोजे धरतो. “तुमच्यात उपासाने काय मिळते?” असे ते मोकळेपणाने विचारतात. धर्मशास्त्राच्या पदविकेचा अभ्यास करताना मी याच विषयावर निबंध लिहिला होता आणि त्याला गुणही बरे मिळाले होते. पण खरा धडा मला शेताच्या धुऱ्यावर मिळाला. त्यात माझी चूक आहे, म्हणून ती आधी कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी उपासकाळातला शुक्रवार होता. पऱ्हाटी उपटण्याआधीची कापसाची शेवटची वेचणी चालू होती. मी सकाळपासून पाण्यावर होतो, आणि तसे चार जणांना कळेल अशी व्यवस्थाही मी केली होती. दुपार कलली तशी माझी चीडचीड वाढली. वेचणाऱ्या बायांच्या कापसाचा काटा करताना मी म्हणालो, “कचरा फार आहे,” आणि प्रत्येकीच्या वजनातून दोन-दोन किलो कापले. मजुरी किलोवर, म्हणजे तेवढी मजुरी गेली. त्यांतल्या एका म्हाताऱ्या मावशीने विनवले, तेव्हा मी ओरडलो, “मावशी, माझा उपास आहे, डोके खाऊ नका!”

ती शांतपणे म्हणाली, “भाऊ, तुमी उपास धरता. आमाले घडते.”

संध्याकाळी प्रार्थना करून मी ताटावर बसलो. घास उचलण्याआधी ही गोष्ट पत्नीच्या कानावर घातली. तिने ताटावर दुसरे ताट झाकले आणि म्हणाली, “अहो, आधी त्यांचे पैसे देऊन या. जेवण कुठे जात नाही.” कंदील घेऊन मी घरोघर गेलो. मावशीच्या हातात पैसे ठेवून क्षमा मागताना जी लाज वाटली, तोच त्या दिवसाचा माझा खरा उपास होता. परत येऊन यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय काढला. लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास केला, तू पाहिलेच नाहीस. देव त्यांना दाखवून देतो की उपासाच्या दिवशीच तुम्ही आपल्या मजुरांना पिळता आणि भांडता. हा अध्याय मी अनेकदा शिकवला होता. त्या रात्री तो मला शिकवू लागला.

या अनुभवातून तीन गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

1. उपास हा सौदा नव्हे.

उपाशी राहून आपण देवाला ऋणी करीत नाही. आठवड्यातून दोनदा उपास करणारा परूशी मंदिरात तोच हिशेब सांगत उभा राहिला. परंतु नीतिमान ठरून घरी गेला तो छाती बडवणारा जकातदार (लूक 18:9-14). धर्मसुधारकांनी विरोध केला तो उपासाला नव्हे, तर उपासाने पुण्य साठते या समजुतीला. तारण हे ख्रिस्ताच्या कृपेने आहे. म्हणून शेजाऱ्याने विचारले तर मी आता न चाचरता सांगतो, “मिळवण्यासाठी आम्ही उपास करीत नाही. मिळाले आहे, त्याला शोभेसे चालावे म्हणून करतो.”

2. उपास ही तालीम आहे.

एसाव रानातून भुकेला आला आणि एका वाडगाभर वरणासाठी त्याने आपला ज्येष्ठत्वाचा हक्क विकला (उत्पत्ती 25:29-34). भूक लागणे हा त्याचा अपराध नव्हता. भुकेच्या हुकमाखाली त्याने निर्णय घेतला, हा त्याचा घात होता. याउलट आपला प्रभू चाळीस दिवस उपाशी असताना भाकरीच्या मोहाला वश झाला नाही. पौलही शर्यतीत धावणाऱ्या गड्याचा दाखला देऊन सांगतो की मी आपले शरीर ताब्यात ठेवतो (1 करिंथ 9:24-27).

जो एक घास नाकारायला शिकला नाही, तो रागाचा शब्द, हातात आलेला लाचेचा पैसा, खर्ऱ्याची पुडी किंवा रात्री उशिरापर्यंतचा मोबाईल कसा नाकारणार? परंतु एक खूण लक्षात ठेवा. पोट रिकामे आणि जीभ मोकाट असेल, तर तालीम फुकट गेली. माझी त्या शुक्रवारी अशीच गेली.

3. वाचलेला घास कोणाचा?

येथे मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. 1874 च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. रानातला पाला आणि पाणी यांवर या कुटुंबाने दिवस काढले होते. हा घडलेला उपास. पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा ख्रिस्ताच्या सेविका झालेल्या रमाबाई आपली जुनी भूक विसरल्या नाहीत. त्या तेथे गेल्या, निराधार मुली आणि विधवांना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांचे घर वसले. त्याच मुक्ती सदनात 1905 च्या जानेवारीत सुमारे सत्तर जणींनी रोजची प्रार्थना आरंभली. जूनपर्यंत त्यांची संख्या साडेपाचशेवर गेली, आणि तेथील जागृतीची वार्ता दूरवर पसरली. बंधूंनो, क्रम पाहा. भुकेल्यांना ताट आधी वाढले गेले. जागृती नंतर आली.

धरलेल्या उपासाने घडलेल्या उपासाची ओळख पटली पाहिजे. आपण दुपारी न जेवता तेवढे धान्य डब्यातच राहिले, तर ती काटकसर झाली. ते भुकेल्याच्या घरी पोहोचले, तर देवाने निवडलेला उपास झाला.

म्हणून या उपासकाळात प्रत्येक घरी एक लहान डबा ठेवा. वगळलेल्या जेवणाचे तांदूळ वा ज्वारी त्यात टाका, आणि आठवड्याच्या शेवटी ती गाजावाजा न करता गरजूच्या घरी पोहोचवा. संडे स्कूलच्या शिक्षकांनी मुलांना उपाशी ठेवू नये. आपल्या खाऊतला वाटा देण्याची सवय त्यांना लावावी. मधुमेहाचे व इतर आजारी, गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या माता आणि वृद्ध यांनी अन्न न सोडता दुसरे काही सोडावे. आणि ज्याच्याकडे कोणाची मजुरी बाकी असेल, त्याने उपास धरण्याआधी ती चुकती करावी.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्यासाठी तू भुकेला राहिलास. आमच्या पोटाला, जिभेला आणि हाताला तुझ्या आज्ञेत ठेव. आमच्या उपासाने कोणाचाही घास हिरावला जाऊ नये, तर कोणाच्या तरी ताटात एक भाकर वाढावी, असे कर. आमेन.