धुळीची वही

आपल्यामुळे ज्याला दुःख झाले तो माणूस समोर उभा असला, म्हणजे कर्तव्याचा निर्णय फारसा अवघड नसतो. सायकलचा धक्का लागून कोणी पडला तर आपण थांबतो, त्याला हात देतो, निदान क्षमा तरी मागतो. परंतु आपल्यामुळे कोणाचे तरी वाईट होत आहे एवढेच ठाऊक असावे आणि तो कोण हे कधीच कळू नये, अशा वेळी काय करावे? हा प्रश्न अलीकडे मला छळतो. आणि तो माझ्यापुढे ठेवला कोणा तत्त्ववेत्त्याने नव्हे, हवेतील धूळ मोजणाऱ्या माणसांनी.

त्यांचे काम पाहावे तर मोठे नीरस. गाळणकागदाची एक पांढरी चकती वजन करून यंत्रात ठेवायची, तिच्यातून चोवीस तास हवा ओढून घ्यायची, आणि मग ती पुन्हा तोलायची. दोन वजनांतला फरक म्हणजे त्या दिवसाची धूळ. यांतली अधिक घातक धूळ अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांची. म्हणजे केसाच्या जाडीचा पंचविसावा-तिसावा हिस्सा. नाकाला आणि घशाला चुकवून हे कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. फरक भरतो तो ग्रॅमच्या दशलक्षांश भागांत. तो वहीत टिपायचा, आणि पुढच्या पाळीला पुन्हा तेच.

अशा वह्यांतून काय निघते ते अमेरिकेत दिसले. १९७४ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील सहा गावे निवडली. हवा मोजत असतानाच त्यांनी ८१११ प्रौढ माणसांची नोंद केली : वय काय, धूम्रपान किती, काम कोणते. मग चौदा ते सोळा वर्षे ते थांबले. १९९३ साली डग्लस डॉकरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. धूम्रपानादी कारणे बाजूला काढल्यावरही, पोलादाच्या भट्ट्यांचे स्टुबेनव्हिल आणि स्वच्छ हवेचे लहानसे पोर्टेज यांच्या मृत्यूंच्या प्रमाणात सव्वीस टक्क्यांचे अंतर होते.

आता गंमत अशी, की यांतल्या एकाही मृत्यूच्या दाखल्यावर ‘धूळ’ असे कारण कोणी लिहिले नसेल. हृदयविकार म्हणून कोणी गेला, फुप्फुसाच्या कर्करोगाने कोणी गेला. पोर्टेजमध्ये शंभर जावेत तेवढ्या काळात तितक्याच वस्तीतून स्टुबेनव्हिलमध्ये सव्वाशे जातात. पण वरचे पंचवीस कोणते, हे त्यांच्या घरच्यांनाही सांगता यावयाचे नाही. साहजिकच पुष्कळांनी आक्षेप घेतले. तेव्हा दुसऱ्या तज्ज्ञांनी सगळा हिशेब नव्याने तपासला, आणि २००० साली तो खरा ठरला.

कोणी म्हणेल, ज्याचे नाव सांगता येत नाही त्याचे पाप तरी कसे मानावे? मला वाटते, याचे उत्तर आपल्याच गावच्या वाटेवर आहे. पाणपोई घालणाऱ्याला कोण पाणी पिऊन गेला हे ठाऊक नसते. वाटेवर वड लावणारा तर त्याच्या सावलीत बसणाऱ्याच्या जन्माआधीच निघून गेलेला असतो. तरीही ते पुण्य आहे याविषयी आपल्या मनात कधी शंका आली नाही. बिनचेहऱ्याचे पुण्य पदरात घ्यावयाचे आणि बिनचेहऱ्याचे पाप मात्र नाकारावयाचे, हा न्याय कोणता?

‘माझ्या एकट्याच्या धुराने काय होणार?’ हा दुसरा आक्षेप. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण मुलांना काटकसर शिकविताना सांगतो; तो नियम धुरालाही लागू आहे. आपल्या देशाने २००९ साली या बारीक धुळीची मर्यादा ठरविली : वर्षाच्या सरासरीने घनमीटरला चाळीस मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलेला आकडा आहे पाच. माणूस दिवसाकाठी दहा-पंधरा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे आपल्या मर्यादेत राहूनही महिन्याकाठी जवळजवळ तांदळाच्या एका दाण्याएवढी धूळ नाकावाटे जाते. त्यातली काही परत बाहेर पडते, सगळी नाही. त्या दाण्यात गिरणीचा, मोटारींचा, शेकोटीचा आणि आपल्या भुईनळ्यांचाही वाटा असतो.

मोजल्याने हवा स्वच्छ होत नाही, हेही खरेच. आपल्याकडे देशव्यापी मोजणी १९८४ साली सुरू झाली आणि धूळ काही आकड्यांना घाबरून पळाली नाही. पण वही नसती, तर ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे म्हणावयाची सोय राहिली असती. ती सोय आता उरली नाही. आणि जाणता झालेला माणूस पुन्हा अजाण होऊ शकत नाही.

त्या सहा गावांची वही पुढेही चालू राहिली. २००६ साली तिच्यातून असे निघाले, की जेथे धूळ कमी झाली तेथे मृत्यूंचे प्रमाणही उतरले. म्हणजे कितीएक माणसे वाचली. ती कोण, हे कोणाला ठाऊक नाही; त्यांना स्वतःलाही नाही. ती आपापल्या घरी जेवत असतील, नातवंडांवर रागावत असतील. पाणपोईवर पाणी पिऊन गेलेला वाटसरू तरी परत येऊन कुठे सांगतो?