नवी काच, जुनी गाडी



जुन्या स्पोर्ट्स कारची पुढची काच फुटली आणि मालकाने नवी बसवली, तर गाडी तीच राहते का? आपल्या धर्मग्रामात अशी गाडी कुणाच्या दारात उभी नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात ज्या कोड्यावर आम्ही तासन्‌तास वाद घातला, ते इथे अगदी हाताशी येते. शिवाय त्यात खऱ्या-खोट्याचाही एक प्रश्न दडलेला आहे.

ट्रायंफ स्पिटफायर या गाडीचे उदाहरण घेऊ. 1962 साली इंग्लंडमध्ये निघालेली ही दोन आसनांची उघडी गाडी ट्रायंफ हेराल्डच्या चासीवरून बेतलेली होती. तीच हेराल्ड 1961 पासून मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ नावाने तयार होऊ लागली. आपल्यातील वयस्कर मंडळींनी ती रस्त्यावर पाहिलीही असेल. आजच्या मोटारींची पुढची काच चिकटवलेली असते. त्या काळच्या काचा रबरी बीडिंगमध्ये धरलेल्या असत. जुनी काच काढली की चौकटीतला लपलेला गंज दिसतो. तो आधी घासून काढावा लागतो. मग नव्या काचेभोवती रबर चढवायचे, त्याच्या खाचेत दोरी फिरवायची आणि साबणाचे पाणी लावायचे. एकाने बाहेरून तळहाताने काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तसतशी रबराची कड चौकटीवर चढते. घाई केली की काच कोपऱ्यात तडकते. हे काम एकट्याचे नव्हे, आणि तापट माणसाचे तर मुळीच नव्हे.

आता काच कोणती बसवावी? त्या काळच्या पुष्कळ गाड्यांना टफन्ड काच असे. तिच्यावर खडा नेमका बसला की क्षणात सगळीकडे जाळी पडते आणि समोरचा रस्ताच दिसेनासा होतो. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ती तडकली तरी जागेवर राहते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेडिक्टस यांच्या हातून 1903 साली पडलेले काचपात्र आतल्या वाळलेल्या थरामुळे विखुरले नाही, त्यातून ही कल्पना निघाली. 1909 मध्ये त्यांनी पेटंट घेतले. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात उडालेला खडा काय करतो, हे सांगायला नको.

तरीही काही हौशी मालक तडकलेली जुनी काच तशीच ठेवतात, कारण ‘मूळ’ वस्तूला भाव असतो. आम्हांला हे पटत नाही. काच असते ती आत बसलेल्या माणसासाठी. भावासाठी त्याचे डोळे धोक्यात घालणे म्हणजे वस्तूला माणसापेक्षा मोठे करणे.

मग गाडी ‘तीच’ कशी? ग्रीक लेखक प्लुटार्कने थिसियसच्या जहाजाची गोष्ट नोंदवली आहे. कुजलेली फळी काढून नवी घालता घालता ते जहाज तेच उरले का, यावर तत्त्ववेत्ते भांडत. आपल्याला एवढे लांब जायला नको. सेवाग्रामची बापू कुटी मातीची, बांबूची, कवेलूंची. तिच्या भिंती पुन्हा पुन्हा लिंपाव्या लागतात, कवेलू बदलावे लागतात. म्हणून ती बापूंची कुटी नव्हे, असे कुणी म्हणत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी शरीराबद्दल विचार करताना विस्तवाचे उदाहरण दिले आहे : लाकडे जळून जातात, नवी घातली जातात, आणि विस्तव तोच राहतो. अन्नपाण्याने आपलेही शरीर असेच बदलत असते. बाप्तिस्म्याच्या वेळचे बाळ आणि आजचा आजोबा एकच आहेत, याबद्दल आपण कधी शंका घेत नाही.

म्हणून काच बदलण्यात खोटेपणा नाही. तो येतो पुढच्या पायरीवर. नव्या काचेवर जुन्या कंपनीची खूण आणि जुन्या तारखेचे संकेत कोरून देणारे परदेशात आहेत. निव्वळ शोभेसाठी असेल तर आम्ही फार ताणणार नाही. पण तीच खूण दाखवून ‘मूळ काच’ म्हणून गाडी विकली, तर आठवी आज्ञा मोडली. भारतात जुलै 2021 पासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या खासगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. मूळ रूप कशाचे, तर चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा, असे नियम म्हणतो. म्हणजे कायदासुद्धा काचेसाठी खोटे बोलायला लावत नाही!

पुनरुत्थित प्रभूचे शरीर गौरवी होते, तरी खिळ्यांच्या खुणा त्याने झाकल्या नाहीत. संशय घेणाऱ्या थॉमसला त्याने त्याच दाखवल्या.

तेव्हा गाडी विकताना काच बदलल्याचे आणि कोणत्या वर्षी बदलली तेही कागदावर लिहून द्यावे. घेणाऱ्याने त्यासाठी भाव थोडा पाडला, तर पाडू द्यावा.