मापात पाप

कारंजा लाडच्या कापूस बाजाराला 1886 साली नियम लागू झाले. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने उभी राहिलेली ही देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ मानली जाते. शेतकऱ्याच्या कळवळ्यापोटी साहेबाला पान्हा फुटला होता, असं मुळीच नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी दरात हवा होता, इतकंच. 1897 च्या कायद्याने तीच चौकट वऱ्हाडात पसरली, तरी वरचष्मा व्यापाऱ्यांचाच राहिला. पण एक तत्त्व तेव्हा या मातीत रुजलं. बाजार म्हटला की नियम आला, आणि मापात पाप करणाऱ्याला बाजाराबाहेर काढायची सोयही आली.

हेच कारंजा ज्यात येतं त्या वाशिम जिल्ह्यातला शेतकरी आज यार्डात माल नेण्याआधी आणखी एका बाजारात डोकावतो. मोबाइल काढतो आणि गूगलला विचारतो, ‘वाशिम सोयाबीन भाव आजचा’. जी पानं निघतात त्यातलं एखादं शेवटपर्यंत वाचून पाहा. मथळ्यात ‘आजचा ताजा भाव’. खाली सोयाबीन हे महत्त्वाचं पीक असल्याचे तीन परिच्छेद आणि त्यात ‘वाशिम सोयाबीन भाव’ हे शब्द दर दुसऱ्या ओळीत कोंबलेले. मध्ये जाहिरातींची रांग. मग एक आकडा, 5328. तारीख नाही, बाजार समितीचं नाव नाही, आवक किती ते नाही. हा व्यापाऱ्याने दिलेला भाव नसून केंद्राने 2025-26 च्या हंगामासाठी जाहीर केलेला हमीभाव आहे, हेही कुठे लिहिलेलं नाही. शेवटी ‘रोजच्या भावासाठी ग्रुप जॉइन करा’. आता शोधताना वाशिमऐवजी रिसोड टाका. तेच पान, गावाचं नाव तेवढं बदललेलं. पुढे मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा. सहा तालुके, सहा पानं आणि मजकूर एकच.

असली पानं तयार करणाऱ्याला आपण काही वावगं करतोय असं वाटत नाही. तो याला एसईओ म्हणतो, म्हणजे शोधनिकालांत पान वर आणण्याची कला. त्याच्या पोतडीत आणखी युक्त्या असतात. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवायचे, म्हणजे माणसाला दिसत नाहीत पण यंत्राला दिसतात. गूगलला एक पान दाखवायचं, वाचकाला दुसरंच. पैसे देऊन शे-पाचशे लिंक विकत घ्यायच्या. दुकानाला पाच चांदण्यांचे खोटे अभिप्राय मिळवायचे. दुसऱ्याचा इंग्रजी मजकूर यंत्राकडून मराठीत उलथायचा आणि न वाचता चढवायचा. ‘तीन महिन्यांत पहिल्या पानावर, हमखास’ असं पॅकेज विकायचं. खुद्द गूगल सांगतं की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, पण ते गिऱ्हाइकाला सांगतो कोण?

मग एक दिवस गूगलची पेनल्टी लागते, म्हणजे साइट निकालांत खाली जाते किंवा गायबच होते. कधी गूगलची माणसं तपासणी करून कारवाई करतात. त्याची सूचना सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात येते, चूक दुरुस्त करून फेरविचाराचा अर्ज करता येतो. कधी यंत्रणाच पानाला खाली ढकलते आणि तिथे ना नोटीस, ना सुनावणी. फेब्रुवारी 2011 मध्ये ‘पांडा’ नावाच्या बदलाने भारंभार, पोकळ मजकुराच्या साइट आपटल्या. एप्रिल 2012 मध्ये ‘पेंग्विन’ने विकतच्या लिंकांचा हिशेब घेतला. मार्च 2024 मध्ये आणखी नियम आले. केवळ वर चढण्यासाठी ढिगाने काढलेला मजकूर माणसाने लिहिलेला असो की यंत्राने, तो दोषीच. एखाद्या शाळेचं किंवा संस्थेचं सोडून दिलेलं डोमेन घेऊन तिच्या पुण्याईवर जुगाराची दुकानदारी थाटणं हाही गुन्हा ठरला. आपल्याकडच्या किती शाळा-संस्थांनी साइट उघडल्या आणि पुढे नूतनीकरणाचे पैसे भरले नाहीत, हे आठवलं की या नियमाचं मोल कळतं.

पेनल्टी लागली की धावपळ सुरू होते आणि सगळे एकच विचारतात, ‘पेनल्टी टाळायची कशी?’ माझी तक्रार या प्रश्नाबद्दलच आहे. हा प्रश्न चोराचा आहे. पोलीस कोणत्या रस्त्याने येतात हे ज्याला कळलं, त्याला वाट बदलता येते. चोरी सोडावी लागत नाही. आज पकडली जाणारी युक्ती टाळली की तो उद्या न पकडली जाणारी शोधतो. दंडाच्या भीतीने माणूस फार तर हुशार होतो. प्रामाणिक होण्यासाठी आपल्यामुळे कुणाचं नुकसान होतंय हे दिसावं लागतं. आणि नुकसान गूगलचं होत नाही, ते अमेरिकेत सुखरूप आहे. चुकीचा आकडा वाचून गाडीभाडं भरून कट्टे यार्डात नेणारा आणि तिथे पडेल भावाने माल घालून परतणारा माणूस मात्र आपल्याच तालुक्यातला असतो. कदाचित आपल्याच घरातला.

‘सगळेच करतात’ हे पहिलं समर्थन. मापाऱ्याच्या काट्याखाली हात घालणारेही हेच म्हणत आले, त्याला उत्तर द्यायची गरज नाही. दुसरं समर्थन जास्त वजनाचं आहे: ‘गूगल तरी कुठे साधू आहे?’ नाहीच. 2018 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने शोधनिकालांत पक्षपात केल्याबद्दल त्याच गूगलला सुमारे 136 कोटींचा दंड ठोठावला. शिक्षाही सर्वांना सारखी लागत नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट अशाच फसव्या पानांपायी निकालांतून काढली गेली, पण काही दिवसांतच परत आली. रिसोडच्या कृषी केंद्राची साइट पडली तर तिच्यासाठी कोण धावणार? नियम करणारा स्वार्थी आहे हे मान्य. कारंज्याचे नियम करणाराही स्वार्थी होता. म्हणून वजनात मारणं पुण्य ठरलं नाही. उलट ज्याला मोठा वकील नाही, त्याच्यासाठी स्वच्छ व्यवहार हाच पहिला बचाव असतो.

तिसरं म्हणणं मला खरंच विचारात घ्यावंसं वाटतं. वाशिमसारख्या जिल्ह्यात, जो 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, शिकलेल्या पोराला घरबसल्या चार पैसे मिळवायचा हा एक मार्ग आहे. तो का अडवता? अडवायचा नाही, सरळ करायचा आहे. आणि सरळ मार्ग इथे रिकामा पडलाय. सहा तालुक्यांची सहा खोटी पानं काढण्याऐवजी एकच पान काढा. त्यात सहाही बाजारांचा कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण भाव, आवक, तारीख आणि भाव कुठून घेतला ते लिहा. राज्याचं पणन मंडळ आणि केंद्राचं अ‍ॅगमार्कनेट रोजचे आकडे देतात. हमीभावाची ओळ वेगळी ठेवा. दाण्यात ओलावा किती असला की खरेदी केंद्र माल परत पाठवतं, हे चार वाक्यांत सांगा. हे मराठीत नीट लिहिणारा माणूस पुण्यात सापडणार नाही, तो इथेच आहे.

साइट करून घेणाऱ्या दुकानदारांनी, क्लासवाल्यांनी, डॉक्टरांनीही जबाबदारी झटकू नये. ‘मला काय कळतं, पोरानं केलं’ ही सबब गूगलकडे चालत नाही, गिऱ्हाइकाकडेही चालू नये. डोमेन स्वतःच्या नावावर ठेवा. सर्च कन्सोलचा ताबा स्वतःकडे घ्या. लिंका कुठून आल्या त्याची यादी मागा. पैसे देऊन घेतलेली जाहिरात असेल तर तशी खूण करून घ्या. अभिप्राय विकत घेऊ नका. साइट हॅक होऊन तिच्या पोटात सट्ट्याची पानं दडलेली नाहीत ना, हे अधूनमधून तपासा. आणि साइटवरच्या प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचारा: गूगल नसतं, तरी मी हे माझ्या गिऱ्हाइकाच्या हातात दिलं असतं का?

उत्तर ‘नाही’ आलं तर ते पान आजच काढून टाका. पेनल्टीची वाट कशाला पाहायची?