परीटघडीतला परीट

क्रूझचं तिकीट काढलं की कंपनीकडून एक यादी येते. बोटीवर काय आणू नये याची. चाकू, फटाके, मेणबत्त्या ही नावं वाचून कुणाला नवल वाटत नाही. पण बहुतेक कंपन्यांच्या त्याच यादीत कपड्यांची इस्त्रीही असते, वाफ देणारा छोटा स्टीमरही असतो. सामान एक्सरे मशीनमधून जातं. इस्त्री दिसली तर ती बाजूला काढून ठेवतात आणि प्रवास संपल्यावर परत देतात. गंमत म्हणजे यांतल्या अनेक कंपन्या तुम्हाला हेही कळवतात की अमुक संध्याकाळी 'फॉर्मल नाइट' आहे, जेवायला जरा नीट कपडे घालून या. म्हणजे कपडे नीट हवेत, पण ते नीट करायचं साधन दारातच ठेवून यायचं.

या पेचावर उपाय आहेत, ते पुढे सांगतेच. पण मला त्याच्या आधीचा प्रश्न जास्त छळतो. चुरगळलेल्या कपड्यांत चारचौघांत जायला आपल्याला इतकं अवघड का वाटतं? आणि ते अवघडलेपण टाळण्यासाठी आपण दुसऱ्याकडून किती मागू शकतो? हा प्रश्न घरीही आहेच. तिथे तो कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे बोचक्यात बांधून पाठवता येतो. बोटीवर तसं करता येत नाही, कारण सगळे एकाच पत्र्याच्या आत असतात.

आधी ती बंदी समजून घेऊ. समुद्रात बोटीला आग लागली तर बाहेरून फायर ब्रिगेड येत नाही. जहाजावर काम करणारी माणसंच तिथली फायर ब्रिगेड असतात. १९७८ साली झालेल्या 'एसटीसीडब्ल्यू' या आंतरराष्ट्रीय करारानुसार, आणीबाणीत ज्यांच्यावर जबाबदारी असते अशा कर्मचाऱ्यांना आग विझवण्याचंही शिक्षण घ्यावं लागतं. सकाळी तुमची चादर बदलणारा आणि संध्याकाळी तुम्हाला सूप वाढणारा माणूस वेळ आली तर धुरात पाइप ओढत जाणाऱ्यांपैकी एक असू शकतो.

आणि कपडे व आग यांचं नातं काल्पनिक नाही. २० जुलै १९९८ रोजी मायामीहून निघालेल्या 'एक्स्टसी' या क्रूझ जहाजाला आग लागली, तिची सुरुवात झाली जहाजाच्या मुख्य लाँड्रीत. तिथे वेल्डिंगचं काम चाललं होतं. कपड्यांमधून सुटणारा जो बारीक कापसासारखा भुगा असतो, त्याने पेट घेतला. तो भुगा हवेच्या नळ्यांतही साठलेला होता. त्या वाटेने आग जहाजाच्या मागच्या भागात, जाड दोरखंड ठेवले होते तिथपर्यंत पोचली. कुणाचा जीव गेला नाही, पण प्रवासी आणि कर्मचारी दोघांतलेही काहीजण जखमी झाले.

आता समजा एखाद्याने छोटी प्रवासी इस्त्री लपवून नेली. 'पाच मिनिटांचं तर काम आहे, मी काय विसरणारे का बंद करायला?' तो बहुधा विसरणार नाहीच. शक्यता खरोखर कमी आहे. पण नीतीचा प्रश्न फक्त शक्यता किती याचा नसतो. जोखीम कोण ठरवतो आणि ती कुणाच्या अंगावर पडते, याचाही असतो. घरी मी इस्त्री चालू ठेवून गेले तर माझं टेबल जळेल, फार तर माझं घर. बोटीवर माझ्या कॉलरसाठी मी हजारो लोकांच्या वतीने, त्यांना न विचारता जोखीम उचलते. त्यातही पहिला धोका पत्करेल तो पाइप घेऊन धावणारा माणूस. म्हणून ही बंदी मला पटते.

बरं, मग कपडे सरळ कसे ठेवायचे? त्यासाठी सुरकुती म्हणजे काय ते पाहायला हवं. सुती कापड सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचं बनलेलं असतं. या साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजनचे बंध ओलाव्याने सैल होतात, आणि कापड वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. दमट हवा, बॅगेतला दाब, अंगाचा घाम, एवढं पुरतं. म्हणजे सुरकुती ही एक नोंद असते : गेल्या काही तासांत या कापडाला कसं वागवलं गेलं याची. इस्त्री पाणी आणि उष्णता देऊन ती नोंद पुसते आणि सपाट आकार नव्याने लिहिते.

हे कळलं की उपाय आपोआप सुचतात. टीशर्ट आणि विणलेले कपडे गुंडाळून भरायचे. शर्ट कमी घड्या घालून सगळ्यांत वर ठेवायचे. केबिनमध्ये शिरल्या शिरल्या, नाश्त्याला पळण्याआधी, बॅग रिकामी करून कपडे टांगायचे. आपण गरम पाण्याने अंघोळ करत असताना शर्ट बाथरूममध्येच हँगरला लावायचा. उरलेल्या चुण्यांवर पाण्याचा हात फिरवून कापड ताणायचं आणि तसंच वाळू द्यायचं. बहुतेक जहाजांच्या केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हूक चिकटतात आणि टांगायला जागा होते. लोकर आणि जॉर्जेट सुतापेक्षा पुष्कळ सोशिक. काही जहाजांवर प्रवाशांसाठी वेगळी लाँड्रीची खोली असते आणि तिथे इस्त्रीही असते. तिथे ती चालते, कारण ती खोली त्यासाठीच बांधलेली असते.

आणखी एक उपाय प्रयोगशाळेतून आला. रूथ बेनेरिटो (१९१६-२०१३) या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी प्रयोगशाळेत काम करत. सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक टाक्यांनी जोडल्या तर कापड चुरगळल्यावरही मूळ आकाराकडे परत येतं, या दिशेने त्यांनी महत्त्वाचं काम केलं. आज 'रिंकल फ्री' असं लेबल लावून जो सुती शर्ट मिळतो, त्यामागे हे काम आहे. घराघरांत इस्त्रीचं ओझं ज्या बायकांच्या वाट्याला होतं, त्यांचे किती तास यामुळे वाचले असतील! सरळ कपड्यांचा हट्ट पुरवायचे मार्ग साधारण तीनच : स्वतः राबणं, रसायन वापरणं, किंवा दुसऱ्याला राबवणं. चौथा मार्ग म्हणजे हट्ट सोडणं.

हा हट्ट येतो कुठून? थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थतज्ज्ञाने १८९९ साली 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्याने दाखवलं की डागविरहित, नेटके कपडे आवडण्याचं एक कारण ते काय सुचवतात यात आहे : हा माणूस अंगमेहनतीचं काम करत नाही. इस्त्रीचा शर्ट म्हणतो, मी वाकलो नाही, ओझं उचललं नाही, गर्दीत चेंगरलो नाही. आणखीही एक गोष्ट तो गुपचूप सांगतो : माझ्यासाठी दुसरं कुणीतरी वाकलं.

मराठीने हे गुपित उघडं ठेवलंय. आपल्याकडे कडक, नेटक्या घडीला 'परीटघडी' म्हणतात. या शब्दात घडी आहेच, पण तिच्या आधी ती घालणारा परीट आहे. 'रिंकल फ्री' या शब्दांत माणूस नाही. तिथे फक्त एक दोष होता आणि तो आता नाही, एवढंच कळतं. आपल्या शब्दात मात्र एका जातीवर लादलेलं काम चुन्यात कोरल्यासारखं टिकून राहिलंय. हे अभिमानाने सांगायचं कारण नाही. पण शब्द प्रामाणिक आहे.

याच परीट समाजात १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी दुसऱ्यांचे कपडे धुतले त्या घरातला हा माणूस आयुष्यभर चिंध्या जोडलेलं वस्त्र घालून, हातात खराटा घेऊन हिंडला. मला त्यात एक रोखठोक विधान दिसतं : माझ्या अंगावरच्या कापडासाठी कुणाची पाठ वाकलेली नाही.

इथवर येऊन 'चला, मग आपणही चुरगळलेलेच बरे' असं म्हणणं सोपं आहे. पण याच महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर नीटनेटक्या सुटात वावरले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी जमलेल्या बायकांना राहणी आणि साडी नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली, म्हणजे कपड्यांवरून जात ओळखायची सोय कुणाला राहू नये. ज्याला शतकानुशतकं 'तू असाच राहायचं' असं बजावलं गेलं, त्याच्या शर्टाची कडक घडी म्हणजे शोभा नाही, तो हक्क आहे. चुरगळलेला लिननचा कुर्ता घालून सेमिनारला जाणाऱ्याला लोक 'विचारवंत' म्हणतात. तोच कुर्ता तसाच घालून पहिल्या पिढीतला मुलगा मुलाखतीला गेला तर त्याला 'गबाळा' म्हणतात. सुरकुती परवडणं हीसुद्धा एक श्रीमंती आहे.

मुंबईहून गोव्याला बोटीने गेले तेव्हा मला हे डोळ्यांनी दिसलं. जेवणाच्या हॉलमध्ये प्रवाशांचे कपडे नाना तऱ्हांचे होते : बॅगेच्या घड्या तशाच असलेल्या साड्या, गोळा झालेले कुर्ते, एक आजोबा तर नाइटड्रेसच्या पायजम्यावर. कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं. आणि वाढणाऱ्या मुलामुलींच्या बाह्यांवर एकसारखी, सुरीने कापल्यासारखी घडी. त्या हॉलमध्ये सुरकुती पडायची मुभा फक्त पैसे भरून आलेल्यांना होती.

या मुलांचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध जुना आहे. जहाजांवर खानसामे, कारभारी, वाढपी म्हणून गोव्याची माणसं इंग्रजांच्या काळापासून जात आली. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. मुंबईत बोट मिळेपर्यंत ते गावागावांच्या 'कुडां'मध्ये, म्हणजे क्लबांमध्ये राहत. त्यांतले कितीतरी क्लब धोबीतलाव भागात होते. जिथे एकेकाळी धोबी कपडे धूत त्या बुजवलेल्या तळ्याच्या आसपास बसून ही माणसं साहेबांच्या बोटीवर पांढरा कोट चढवायची वाट पाहत होती.

माझा एक मावसभाऊ वेंगुर्ल्याचा. परदेशी क्रूझवर लाँड्रीत आहे. सुट्टीवर आला होता तेव्हा मी त्याला माझं तत्त्वज्ञान ऐकवलं. म्हटलं, "दादा, मी ठरवलंय, बोटीवर कपडे इस्त्रीला द्यायचेच नाहीत. उगाच तुमच्यासारख्यांना कशाला राबवायचं?"

तो हसला. "म्हणजे माझी नोकरी घालवतेस की काय? अगं, कपडे दे तू. त्याचाच पगार आहे."

"मग त्रास कशाचा होतो?"

"वेळेचा. दिवसभर पुलावर लोळायचं, संध्याकाळी सहाला चुरगळलेला सूट पाठवायचा आणि साडेसातला हवा म्हणायचं. एकाने नाही, शंभरजणांनी. आणि थोडी चुणी राहिली तर तक्रार. तेव्हा वाटतं, यांच्या लेखी सूट आपोआपच सरळ होतो."

माझा युक्तिवाद त्याने दोन वाक्यांत दुरुस्त केला. २००६ च्या सागरी कामगार करारात (भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला) जहाजावरच्या माणसाला चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळायला हवी असं म्हटलंय. कागदावर याचा अर्थ उरलेला बराचसा वेळ काम असू शकतं. एकाच वेळी शंभर सूट आले की ताण पडतो तो याच दहा तासांवर. माझ्या कपड्यांना इस्त्री करणं हा त्याच्यावर अन्याय नाही. त्याच्या वेळेला किंमतच नाही असं धरून चालणं, हा अन्याय.

तेव्हा माझं उत्तर साधं झालंय. दुसऱ्याच्या कष्टांपासून पूर्ण मोकळं राहणं शक्य नाही, आणि तसा आव आणण्यातही एक अहंकार आहे. पण कष्ट मागताना हिशोब ठेवता येतो. फॉर्मल नाइटचा एक पोशाख असेल तर तो पहिल्याच दिवशी लाँड्रीत द्यावा, हवा त्या दिवशी नव्हे. बाकीच्या संध्याकाळी बाथरूमची वाफ आणि ओला हात पुरेसा. त्यानंतर जी सुरकुती उरेल ती अंगावर राहू द्यावी, आपल्याला ती परवडते. तिचा बिल्ला करून मिरवू नये, आणि वाढणाऱ्याच्या बाहीवर कधी चुणी दिसलीच तर तक्रार करू नये. बहुधा तो त्या दिवशी आपल्यापेक्षा जास्त वेळ उभा असतो.