दहापैकी किती?

बँकेतल्या माणसाला छंद लागला तरी त्याची खतावणी होते. भाच्याने माझ्या मोबाइलमध्ये विलायती गाण्यांचे सत्तर-ऐंशी अल्बम ऐकायची सोय करून दिली आणि म्हणाला, "मामा, नुसतं ऐकू नका, मत द्या." मत द्या म्हटल्यावर मी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले : अनुक्रमांक, अल्बम, तारीख, दहापैकी गुण, शेरा. पहिल्या महिन्यात शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'ठीक' आणि दोन ठिकाणी 'डोके दुखले' एवढंच साहित्य निर्माण झालं.

मग 'स्का' आला. नाव सर्दीच्या औषधासारखं, पण चीज जमेकाची. १९६२ साली तो देश स्वतंत्र झाला, त्याच्या आगेमागे किंग्स्टनमध्ये बाळसं धरलेलं हे संगीत. ठेका मोठा गमतीचा. आपण टाळी देऊ तिथे ह्यांची गिटार मुकाट, आणि दोन टाळ्यांच्या फटीत 'च्यॅक' करून घुसते. आमच्या काउंटरवर रांगेतल्या दोघांच्या मधून हात घालून 'फक्त पासबुक भरून द्या हो' म्हणणारे गृहस्थ असतात ना, तसं. फरक इतकाच, की त्यांच्यामुळे माझं डोकं फिरतं आणि इथे पाय हलू लागले. सौ.ने स्वयंपाकघरातून पाहिलं आणि "मुंग्या आल्या का हो?" म्हणून विचारलं.

कॉव्हेंट्रीच्या 'स्पेशल्स'चा १९७९चा पहिला अल्बम : आठ. 'मॅडनेस'चा त्याच सालचा : साडेसात, पैकी अर्धा नावाच्या प्रामाणिकपणाबद्दल. पण ही झाली इंग्लंडातली नातवंडं. मूळ आजोबा म्हणजे 'स्कॅटलाइट्स'. १९६४ साली जमलेला हा ताफा जेमतेम सव्वा वर्ष टिकला. त्यातले चौघे वाजवणारे किंग्स्टनच्या अल्फा शाळेतले. गरिबाघरच्या, अनाथ मुलांची शाळा. चालवायच्या ख्रिस्ती जोगिणी, आणि त्यांनी मुलांच्या हाती पितळी वाद्यं दिली. (गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून शिकलेल्या पोरांनी मुंबईत हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा केला, त्याची आठवण झाली.)

त्या चौघांतला डॉन ड्रमंड ट्रॉम्बोन वाजवायचा. नळी पुढेमागे सरकवत वाजवायचं ते लांबलचक वाद्य. बाकीचे सगळे लग्नघरासारखी धमाल करताहेत, आणि हा मुलीच्या बापासारखा मांडवाच्या खांबाला टेकून एकटाच काहीतरी मनातलं बोलतोय. 'ईस्टर्न स्टँडर्ड टाइम' मी लागोपाठ चार वेळा ऐकलं. गुण : नऊ. हात सढळ सुटला म्हणून शेराही लिहिला : 'माणूस मोठा असला पाहिजे.'

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या माणसाची माहिती वाचली. जानेवारी १९६५मध्ये त्याने अनिता माहफूद या आपल्या सोबतिणीला भोसकून मारलं. कोर्टाने त्याला वेडा ठरवलं, बेलव्ह्यूच्या मनोरुग्णालयात टाकलं, तिथेच तो १९६९ साली गेला.

आता नवाचं काय करायचं? बँकेत लिहिलेला आकडा खोडरबराने पुसत नाहीत. रेघ मारून सही करायची. पण रेघ मारायची कशावर? ट्रॉम्बोन कालच्याइतकाच गोड वाजत होता. भाचा म्हणाला, "मामा, कला वेगळी, कलाकार वेगळा." म्हणजे खातं वेगळं, खातेदार वेगळा. कर्ज थकलं की जामीनदार नेमकं हेच सांगतात. बरं, सगळं वेडाच्या नावे टाकावं, तर तो सूरही कदाचित त्याच डोक्यातून आलेला. एकाच डोक्याची जमा इकडे आणि नावे तिकडे, हे कुठल्या पद्धतीत बसतं?

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून हाताने लेजर लिहीत. एका गृहस्थांचं अक्षर म्हणजे मोत्याचा सर. त्यांनी एका म्हाताऱ्या बाईंच्या ठेवीतले पैसे हळूहळू उचलले. चौकशीत ते लेजर उघडलं तेव्हा, खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आलं, 'काय अक्षर आहे!' मान वर केली तर त्या बाई समोरच्या बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसलेल्या. त्यानंतर त्यांच्याकडे बघायचं मला धैर्य झालं नाही. अक्षर मात्र तसंच सुंदर होतं.

हे सगळं सौ.ला सांगितलं. तिने वेगळंच विचारलं, "ती बाई काय करायची?"

"नाचायची."

"आणि?"

आणि काय, ते मी पाहिलंच नव्हतं. शोधलं. गायचीही, मार्गारिटा या नावाने 'वुमन अ कम' हे गाणं तिने स्वतः म्हटलेलं. माझ्या वहीत रकाना अल्बमचा. हे तर एकटं गाणं. म्हणजे माझ्या पद्धतीप्रमाणे तिला नोंदच नाही.

लावलं. आवाज तालमीत घोटलेला नव्हे, पण ठाम. दारात उभं राहून 'आले हं' म्हणावं तसा. सौ. ओल्या हातांनी येऊन उभी राहिली. गाणं संपल्यावर मी सवयीने पेन उघडलं.

"गुण राहू द्यात हो," ती म्हणाली, "आधी परत लावा."

रात्री वही काढली. तिच्या नावाला अनुक्रमांक दिला, गुणांचा रकाना कोरा ठेवला. मग मागचं पान उलटून 'माणूस मोठा असला पाहिजे' यावर रेघ मारली आणि शेजारी नियमाप्रमाणे बारीक सही केली. नवाला हात लावला नाही. भाचा त्याला न्याय म्हणतो, सौ. भित्रेपणा म्हणते, आणि वही अजून टेबलावर उघडीच आहे.