गुपित कुणाचं?

आमच्या नागावात नारळी-पोफळीच्या वाड्या. आता त्यात पर्यटकांची कॉटेजं. शनिवार-रविवारी जोडपी येतात, दार लावून घेतात. कुणी विचारीत नाही. त्याच खोल्या झाडणारी आमच्या वस्तीतली एक पोर, बारावीतली, सतरा वर्षांची, एका रात्री माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, कुनाला सांगू नको. बाबा जित्ता ठेवणार नाय."

मेडिकलवर गोळी मागायला गेली होती. दुकानदाराने चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "कोणासाठी?" ती रिकाम्या हाताने परतली आणि दोन दिवस गप्प राहिली. ती गोळी जितकी लवकर घ्यावी तितका उपयोग. ७२ तासांच्या आत तर घ्यायलाच हवी. त्या एका प्रश्नाने दोन दिवस खाल्ले.

दोस्तहो, खरं सांगते. माझ्या मनात पहिलं आलं ते तिच्या आईला सांगावं. ती माझी जिवाची मैत्रीण. १४ एप्रिलचं जेवण आम्ही एका चुलीवर रांधतो. तिच्यापासून लपवणं म्हंजे दगाच. पण सांगितलं असतं तर पोरीचं शिक्षण बंद, आणि घाईनं लग्न.

मी दोनच गोष्टी विचारल्या. जबरदस्ती झाली का? मुलगा कोण? मुलगा तिच्याच वर्गातला होता. तो कुणी ठेकेदार असता, दुप्पट वयाचा असता, तर मी गप्प बसले नसते. तिथं मौन म्हंजे शिकाऱ्याला आडोसा.

कायदा मात्र हा फरक करीत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठराखालच्या संमतीला किंमत नाही; कळलं तर कळवा, नाहीतर शिक्षा. म्हंजे मीही गुन्हेगार. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की संमतीच्या संबंधातून गर्भपाताला आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव डॉक्टरने पोलिसांना कळवायची गरज नाही. पण विनंती तिची आणि पालकाची, दोघांची हवी. फिरून पोर बापाच्याच दारात!

बाबासाहेबांनी १९१६ सालीच दाखवलं, की सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांनी बाईला जखडूनच जात टिकली. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांच्या बाजूने बाबासाहेब कोर्टात उभे राहिले. खटला हरले. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तोही पडला. हरण्याची लाज त्यांना वाटली नाही.

आणि आपण? ज्या महाडात मनुस्मृती जाळली, तो आपल्याच जिल्ह्यात. दर २५ डिसेंबरला तिथलं भाषण ठोकतो, आणि घरी येऊन पोरीच्या दप्तराची झडती घेतो. पोराच्या खिशाची कोण घेतो? निरोध वापरायचं त्याला कुणी शिकवलं?

सकाळच्या पहिल्या एसटीने मी तिला अलिबागला नेलं. पुढं पाळी आली. तिच्या आईच्या डोळ्यात बघताना मी आजही ओशाळते. पण गुपित माझं नव्हतं, आईचंही नव्हतं. ज्या देहाचं, त्याचं होतं. उद्या ती स्वतःहून आईला सांगेल, असं घर तिला देणं, हे काम आपलं. तोवर निदान तिच्या दारावर मनूचा पहारेकरी होऊन उभे राहू नका.